सपाट केलेला निसणा

दादा गेल्याला पाच महिने झाले. त्याच्याबद्दल काही लिहावे असे पहिल्या महिन्यापासून मनात आहे, पण बसलो की दोन ओळी होतात आणि त्या खोडाव्याशा वाटतात. त्याच्या भलेपणाबद्दल लिहिलेले माझे मलाच वाचवत नाही. तो भला होताच. पण त्या भलेपणाचा मला अजून राग येतो, आणि तो का येतो हे सांगायचे तर एका दगडाची हकीकत सांगावी लागते. तेव्हा तीच सांगतो.

आमचे घर रेवदंड्याच्या खाडीलगत, पोफळीच्या वाड्या संपून कोळीवाडा सुरू होतो त्या जागी. धंदा पिढीजात हजामतीचा. वडील गेले तेव्हा दादा बारा वर्षांचा होता आणि मी चार. त्याने शाळा सोडली, चुलत्याच्या हाताखाली दोन वर्षे डोकी भादरली, आणि मग वडिलांची धोकटी, म्हणजे हत्यारांची चामड्याची पिशवी, काखेत घेऊन एकटा गावभर हिंडू लागला. मला मात्र त्याने धोकटीला हात लावू दिला नाही. मी शिकलो, सातवीची फायनल पास झालो, ट्रेनिंगला जाऊन मास्तर झालो. या सगळ्याचा परिणाम असा की दादाच्या लेखी मी जे बोलेन ते छापील. कुणाशी वाद झाला की तो म्हणायचा, "थांब, सुट्टीत बाबू येतोय, त्याला इचारू." मी सांगितले की वाद मिटला. मला ते आवडत असे, हे आज लपवण्यात काही अर्थ नाही.

धोकटीत तीन वस्तरे होते आणि दोन निसणे. निसणा म्हणजे धार लावायचा दगड. एक जाडाभरडा, तो वर्षातून दोन-चारदाच बाहेर निघे. दुसरा बारीक पोताचा, शेवटचा हात देण्यासाठी. वीतभर लांब, चार बोटे रुंद, रंग निळसर काळा, ओला केला की हिरवट झाक मारणारा. आजोबांना तो एका गलबतावरच्या खलाशाने दिला असे घरात सांगत. कुठल्या मुलखातला ते कुणालाच माहीत नव्हते. फणसाच्या लाकडाच्या फळीत खाच करून तो बसवला होता. त्याचे नेम दादा देवाच्या नेमासारखे पाळायचा. त्यावर पाणी घालायचे ते विहिरीचे. आमच्याकडच्या काही विहिरींना मचूळ पाणी असते, तेही चालत नसे. तेलाचे बोट त्याला लागू द्यायचे नाही. काम झाले की धुऊन, पुसून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवायचा. पावसाळ्यात तो लवकर वाळत नसे, पण म्हणून चुलीशेजारी ठेवायचा नाही, तडकतो. हे सगळे मी लहानपणापासून पाहिले होते. पाहिले होते म्हणजे मला कळले होते, असा माझा समज.

ही गोष्ट तीस सालानंतरची, एखाद-दुसरे वर्ष इकडे-तिकडे. त्या उन्हाळ्यात बाजारात एक सलून निघाले होते. भिंतीएवढा आरसा, मान मागे टेकता येईल अशी खुर्ची, मुंबईत काम केलेला तरुण कारागीर. दादा घरोघर जाऊन पाटावर बसवून हजामत करणारा. त्याची गिऱ्हाइके पिढ्यान् पिढ्यांची होती, पण तरणी पोरे एकेक करून त्या खुर्चीत जाऊन बसू लागली होती. दादाच्या हाती एकच गोष्ट अशी होती की जी सलूनवाल्याकडे नव्हती. त्याची दाढी. त्याचा वस्तरा गालावरून गेला की गेलेला कळत नसे. कोळीवाड्यातला एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, होता, त्याची दाढी खाऱ्या वाऱ्याने काथ्यासारखी झालेली. तो सगळ्यांदेखत सांगायचा, "याच्या हाताखाली मी झोपून जातो रं. बायकोच्या हातचं बी येवढं सुख न्हाय." दादाला हे काम टिकवायचे होते. मुंबईला जाऊन कुणाच्या दुकानात उभे राहायचे नव्हते.

मी मेच्या सुट्टीत घरी आलो होतो. एका सकाळी दादा ओटीवर निसण्यावर वस्तरा फिरवत होता आणि मी शेजारी शाळेची निकालपत्रके आखत होतो. हाताशी पितळी कडेची फूटपट्टी होती. दादा उठून आत गेला तेव्हा सहज म्हणून मी ती पट्टी निसण्यावर आडवी धरली. खालून उजेड दिसला. उभी धरली. मधोमध पट्टी आणि दगड यांच्यात माझ्या अंगठ्याचे नख जाईल एवढी फट. दगड होडीच्या पोटासारखा खोलगट झाला होता.

"दादा, हा दगड बिघडलाय."

तो पंच्याने हात पुसत आला. "कशानं?"

"मधे खड्डा पडलाय. बघ उजेड. सपाट दगडाशिवाय सरळ धार होणार कशी? ट्रेनिंगला आम्हाला सुतारकाम होतं. तिथं पहिला धडा हाच, दगड सपाट पाहिजे."

दादाने पट्टी घेतली नाही. त्याने बोट दगडाच्या मधोमध फिरवले. "जुना हाय," एवढेच म्हणाला.

"मी सपाट करून देतो."

तो जरा थांबला. ते थांबणे मला तेव्हा दिसले नाही. आता रोज दिसते. मग म्हणाला, "तुला येतंय तर कर."

आणि मी कामाला लागलो.

रीत सोपी होती. दगडाच्या तोंडावर शिसपेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, मग तो एखाद्या सपाट पृष्ठावर पाणी घालून घासायचा. उंच असेल तिथल्या रेघा पुसल्या जातात, खोल असेल तिथल्या राहतात. सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या की दगड सपाट. कागदावर अगदी निर्मळ. अडचण एवढीच की आमच्या घरात सपाट असे काही नव्हते. जमीन शेणाने सारवलेली, पायऱ्या जांभ्याच्या, भोकाभोकांच्या. मला सपाट दिसला तो वाटणाचा पाटा. वहिनी पाणी भरायला गेली होती. मी पाटा धुतला आणि त्यावर निसणा घासला. दहा-बारा हात मारले असतील. उचलून पाहतो तर निळ्या दगडावर बारा-पंधरा पांढरे ओरखडे, मांजराने ओरबाडल्यासारखे. चारच दिवसांपूर्वी टाकीवाली येऊन त्या पाट्याला टाकी लावून गेली होती. मसाला वाटला जावा म्हणून ज्या पाट्याला मुद्दाम खडबडीत करतात, तो मी सपाट करायला घेतला होता. स्वयंपाकघरात रोज जेवणारा माणूस असे करणार नाही. पुस्तकातून जेवणाराच करील.

वहिनीने पाट्यावरचे काळे पाणी पाहिले. "भावोजी, आज वाटणात दगडाचा रस घालू का? चव येईल."

"दोन दिवसांत नीट होईल वहिनी."

"पाटा का ह्यांचा निसणा?"

मी पाटा पुन्हा धुवायला घेतला. आता मागे फिरता येत नव्हते. ओरखडे काढायचे तर सगळा दगड त्या खोलीपर्यंत उतरवायला हवा होता.

मग काच. गावच्या शाळेतल्या कपाटाची फुटलेली एक काच मागून आणली. खाली वाळू पसरून त्यावर काच, काचेवर बारीक रेती आणि पाणी, आणि वरून निसणा. समुद्राची वाळू आणली तर तिच्यात शिंपल्यांचे कण, ते चकचकीत तुकडे दगडात घुसत. ओढ्याची रेती आणली, धोतरातून तीनदा गाळली. पहिल्या दिवशी कडा उतरल्या. दुसऱ्या दिवशी काच मधोमध चिरली, कारण खालची वाळू एकीकडे बसली होती. तिसऱ्या दिवशी उरलेल्या अर्ध्या काचेवर घासताना ध्यानात आले की आता काचच घासून खोलगट होते आहे आणि दगड उलटा फुगीर. पट्टी ठेवली तर दोन्ही टोकांना उजेड. म्हणजे खड्डा जाऊन टेकाड आले. मी पट्टी अंगणात भिरकावली. वहिनी तांदूळ निवडत होती. ती उठली, पट्टी पुसून माझ्याजवळ ठेवून गेली. ते मला लागले.

हे असे सतरा-अठरा दिवस चालले. तेवढ्या दिवसांत दादा जाड्या निसण्यावर आणि चामोटीवर काम भागवत होता. चामोटी म्हणजे वस्तरा पालटून पुसायची चामड्याची पट्टी. तांडेल म्हणाला, "आज जरा वढतंय रं." दादा म्हणाला, "निसणा मास्तरकडं दुरुस्तीला हाय." तांडेल माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, शाळंत दगडं घडवता व्हय? मला वाटलं पोरं घडवता." सगळे हसले. मीही हसलो. पाठ आणि दंड दुखत होते, बोटांची सालपटे निघाली होती, झोपेतसुद्धा हात पुढेमागे होत असे.

शेवटी युक्ती सापडली. काच दर थोड्या वेळाने फिरवायची, दगडही फिरवायचा, आणि आठाच्या आकड्यासारखा हात न्यायचा. ज्येष्ठ लागायच्या सुमारास एका दुपारी पट्टी ठेवली तर उजेड कुठूनच येईना. आडवी, उभी, तिरपी. वर बारीक रेतीचा, मग मऊ कोळशाच्या पुडीचा शेवटचा हात देऊन मी निसणा धुतला. असा गुळगुळीत की बोट टिकत नव्हते. दादा घरी आला तेव्हा मी तो पाटावर मांडून ठेवला होता, जसे काही नैवेद्यच.

"बघ."

दादाने पाहिला. "आरशावानी केलास," म्हणाला. आणि मग वस्तरा काढून त्यावर ठेवला, आणि एकदा फिरवला, आणि थांबला.

मी विचारले, "काय?"

त्याने भिंतीवरच्या दिव्याच्या काचेची काजळी बोटावर घेतली, वस्तऱ्याच्या धारेला या टोकापासून त्या टोकापर्यंत लावली, आणि पुन्हा एक हात मारला. वस्तरा माझ्यासमोर धरला. धारेच्या मधोमध दोन बोटे रुंदीची काजळी पुसली गेली होती. टोकाकडे आणि मुठीकडे ती तशीच होती.

आपल्याला कळायला किती वेळ लागतो ते पाहा. मी म्हणालो, "म्हणजे वस्तरा वाकडा आहे."

"व्हय," दादा म्हणाला. "दगडावानीच हाय."

तिन्ही वस्तरे तसेच होते. आजोबांपासून त्या खोलगट दगडावर घासून घासून त्यांच्या धारेला बारीकसे पोट आले होते. दगडाला जेवढा खड्डा, वस्तऱ्याला तेवढे पोट. दोघे एकमेकांत बसत होते. आणि त्यांना बसवणारे होते दादाचे मनगट. तो वस्तरा दगडावरून नेताना मनगट अगदी थोडे वळवायचा, होडी लाटेवर चढताना जशी एका कुशीला कलते तसे. ते वळणे मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. मला ती त्याची लकब वाटत होती.

"मग आता?"

"लागंल हळूहळू," दादा म्हणाला.

ते लागले नाही. मधला भाग तीक्ष्ण आणि दोन्ही टोके बोथट, अशा वस्तऱ्याने दाढी करणे म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात समजले. नाकाखालची जागा टोकाने करायची असते. तिथे वस्तरा केस तोडण्याऐवजी उपटू लागला. टोकांना दगडावर टेकवायचे तर वस्तऱ्याचे सगळे पोट उतरवायला हवे. ते बारीक निसण्याचे काम नव्हे, आणि जाडा निसणाही तसाच खोलगट. तो मी सपाट करू का असे विचारले तेव्हा दादाने पहिल्यांदा माझ्याकडे जरा रोखून पाहिले आणि म्हणाला, "नगं. आता नगं."

वहिनी आतून म्हणाली, "घासून घासून परत खड्डा पाडा की भावोजी. अजून आठ दिवस सुट्टी हाय."

ती चेष्टा करत होती, पण मी त्यावर विचार केला होता. खरेच बसून हिशेब केला होता की मधेच घासत राहिलो तर किती दिवस लागतील. आणि खड्डा पडेलही, पण तो कुठला खड्डा? त्याच्या मनगटाला बसणारा तो नसणार.

मुंबईत शाणवाल्याकडे वस्तरे चाकावर सरळ करून मिळत. पण पाऊस धरला होता आणि आमच्याकडची बोट बंद झाली होती. नारळी पौर्णिमेनंतर बघू, असे दादा म्हणाला. मी शाळेला परत गेलो. त्या पावसाळ्यात घरी काय चालले होते ते मला वहिनीने शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतलेल्या पत्रांतून कळे. दादाने चुलत्याच्या घरून एक जुना वस्तरा मागून आणला, तो हाताला बसेना. तांडेलाच्या गालाला लागले. तांडेल म्हणाला होता, "माझा गाल हाय रं, सुरमईची तुकडी न्हाय." हे वहिनीने लिहवले होते, आणि त्याखाली, "ते हसले, पण जेवले नाहीत."

श्रावण सरला आणि पहिल्या बोटीने दादा मुंबईला गेला. वस्तरे सरळ होऊन आले. बोटभर रुंदीचे वस्तरे करंगळीएवढे झाले होते, पण धार टोकापासून टोकापर्यंत एका रेषेत. दिवाळीच्या सुट्टीत मी मुद्दाम पाहिले: सरळ वस्तरा, सपाट दगड, काजळी एका हातात सगळी पुसली जायला हवी. मी लावली तर पुसली गेली. दादाने हात मारला की मधल्या जागेपाशी पुसली जाई आणि मग टोकाकडे सुटे. त्याचे मनगट वळत होते. खड्डा गेला होता, पण मनगटाला कुणी सांगितले नव्हते.

"सरळ ने, दादा."

"सरळच नेतोय."

"वळतंय."

"मला न्हाय कळत रं, वळतं ते."

मी त्याचे मनगट धरले. चाळिशी उलटलेल्या माणसाचे मनगट धरून मी त्याला त्याचा धंदा शिकवत होतो. दहा वेळा जमले, अकराव्या वेळी सुटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखे. मी चिडलो. वर्गात एखादा हुशार मुलगा सोपी बेरीज चुकतो तेव्हा चिडतो तसा चिडलो आणि म्हणालो, "लक्षच देत नाहीस तू." त्याने वस्तरा पुसला, दगड धुतला, फडक्यात गुंडाळला. नेम एकही चुकला नाही.

माघात मी एका लग्नासाठी दोन दिवस आलो होतो. बाजारातून येताना सलूनपाशी दादा दिसला. खुर्चीत तांडेल बसला होता, गळ्याला पांढरे कापड, मान मागे. दादा बाकावर धोकटी मांडीवर घेऊन बसला होता आणि त्या तरुण कारागिराला सांगत होता, "डाव्या जबड्याखाली केस उलटा हाय त्येचा. वरनं खाली नगं येऊस. खालनं वर जा, आन् कातडी ताणून धर." तो पोरगा भला असावा, ऐकत होता. तांडेल डोळे मिटून म्हणाला, "दोघं दोघं लागलेत माझ्या थोबाडाला. लगीन हाय का काय माझं?" दादा हसला. तांडेल एकटा सलूनला यायला तयार नव्हता. त्याला संकोच वाटत होता. म्हणून दादानेच त्याला हाताला धरून आणले होते.

मी बाहेर उभा राहिलो. आत जाण्याचे मला धैर्य झाले नाही. त्यानंतर दादाने दाढीचे काम हळूहळू सोडले. मशीन आणि कात्रीने केस कापायचा, लहान मुलांची जावळे काढायचा, दहाव्याला खाडीकाठी डोकी करायचा. डोक्यांच्या कामाला मधली धार पुरत असे. मुंबईला त्याला जावे लागले नाही. पोट भरत राहिले. कुणी विचारले तर सांगायचा, "डोळं आता बारीक कामाला चालत न्हायत." डोळे त्याचे शेवटपर्यंत चांगले होते.

त्या दिवशी सलूनमधून घरी चालत येताना मी त्याला विचारले होते. वाडीच्या कडेने पाटाचे पाणी वाहत होते, त्याच्या काठाने तो पुढे आणि मी मागे.

"दादा, दगड खोलगट आहे हे तुला माहीत होतं."

"व्हय."

"वस्तऱ्याला पोट आहे, तेही?"

"त्ये काय सांगायचं असतं? हातात होतं."

"मग मला अडवलं का नाहीस? एक शब्द बोलला असतास तर मी थांबलो असतो."

तो चालत राहिला. मग मागे न पाहता म्हणाला, "तू शिकलेला. मला वाटलं, मी करतोय त्येच चुकीचं असंल. इतकी वर्सं चुकीचंच करत आलो असंन, आन् लोक भिडंपोटी चांगलं म्हणत असतील."

मी म्हणालो, "तांडेल भिडेनं झोपायचा का?"

त्यावर तो हसला, पण थांबला नाही. पुढे चिखल होता तिथे त्याने धोतर वर खोचले आणि मला म्हणाला, "बघून ये, घसरशील." मी त्याच्या पावलांवर पावले ठेवत आलो. मला तेव्हा काहीतरी बोलायला हवे होते. त्याचे काम बरोबर होते, चूक माझी होती, एवढे साधे वाक्य. मी शाळेत दिवसभर मुलांकडून चुका कबूल करून घेत असे. घर येईपर्यंत मी ते वाक्य जुळवत होतो, आणि दारात वहिनी उभी होती, ती म्हणाली, "जेवायला बसा, मासळी गार होतेय." आम्ही बसलो. पुढे सात वर्षे तो होता, आणि प्रत्येक सुट्टीत मी घरी जात होतो.